ट्रॅक्टरवर चालणारे लाकूडफोडी यंत्र: वीस एचपीत बारा टन येतात कुठून?

फेब्रुवारी सरत आला की गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या काजूच्या भाटांत, म्हणजे बागायतींत, दोन कामे एकदम अंगावर येतात. बोंडू गळू लागतात, आणि त्यांच्या रसाची दारू गाळणाऱ्या भट्टीला लागणारी फाटी, म्हणजे जळणाची लाकडे, मात्र अजून ओंडके होऊन पडलेली असतात. रस उकळायच्या भांड्याखालची, भाणाखालची, आग एकसारखी लागते. जाडजूड ओंडका सारला तर तो नुसता धुमसत राहतो, काटक्या घातल्या तर क्षणात त्यांची राख होते. मनगटाएवढी, उभी चिरलेली, खणखणीत वाळलेली फाटी असली तरच भट्टी शांतपणे चालते. ती फोडून देणारा गडी आता मिळत नाही. दिवसभर कुऱ्हाड चालवणारी माणसे थकली, आणि त्यांच्या मुलांना त्या कामात राहायचे नाही. त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

म्हणून फोनवर फिरणारे व्हिडिओ लोक लक्ष देऊन बघतात. छोटा ट्रॅक्टर, मागे लोखंडी गर्डर, गर्डरवर सिलिंडर आणि पुढे पाचर. लिव्हर दाबला की मांडीएवढा ओंडका कडकन दुभंगतो. मग चहाच्या टपरीवर वाद सुरू होतो. एक म्हणतो, अठरा-वीस एचपीच्या ट्रॅक्टरला बारा टन जोर येणे शक्यच नाही, विकणारे फसवतात. दुसरा म्हणतो, जोर येतो, पण माझ्या मेव्हण्याने बसवले ते गोगलगायीसारखे चालते, म्हणजे ट्रॅक्टर कमी पडतो. पहिल्याचा संशय चुकीचा आहे. दुसऱ्याने पाहिलेले खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. हे दोन्ही उलगडण्यासाठी हा लेख.

लाकूड फुटते तेव्हा काय होते

माडाच्या हिरांची वाढवण (केरसुणी) हातात घ्या. तिच्यातले सगळे हीर एकदम आडवे मोडायला जा, मोडणार नाहीत. पण जुडीच्या मधोमध बोट घालून दोन भाग करायला काहीच लागत नाही. लाकडाची रचना अशीच असते, उभ्या तंतूंची घट्ट जुडी. करवत हे तंतू आडवे कापते. पाचर ते कापत नाही, शेजारच्या तंतूंना एकमेकांपासून बाजूला सारते. म्हणून सरळ वाढलेल्या झाडाचा ओंडका पाचर दोन-तीन इंच आत गेली की स्वतःच पुढे चिरत जातो.

अडचण गाठीची. फांदी फुटते तिथे तिचे तंतू खोडाच्या तंतूंत आडवे घुसलेले असतात, वाढवणीत मधूनच दुसरी जुडी आडवी विणावी तसे. तिथे पाचरीला तंतू तोडावेच लागतात. काही लाकडांत तर तंतू मुळातच एकमेकांत गुंतलेले असतात. चिंच घ्या. खाटकाचा ठोकळा चिंचेचाच का असतो? वर्षानुवर्षे सुरे पडूनही तो फुटत नाही म्हणून. जे लाकूड फुटू नये म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडले, ते तुमच्या यंत्रात सहज फुटेल अशी अपेक्षा धरू नका.

बहुतेक लाकडे ओली असताना सोपी फुटतात आणि फोडल्यावर लवकर सुकतात, कारण साल पाणी अडवते आणि चिरलेली बाजू ते सोडते. तेव्हा ओंडके वर्षभर सुकवून मग फोडण्यापेक्षा आधी फोडून मग सुकवणे शहाणपणाचे.

तेलाचा जोर वाढतो कसा

सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाने एक साधी गोष्ट मांडली. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे तेवढाच पोचतो. त्यावर 1795 मध्ये इंग्लंडात जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. वॉशिंग सेंटरवर गाडी उचलणारा जॅक, टिपरचा हौदा उचलणारा नळा, जेसीबीचा हात, ही सगळी त्याच घरची पोरे. पाण्याऐवजी तेल वापरतात, कारण तेल गंज धरू देत नाही आणि घासणारे भाग ओले ठेवते. अशा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेला हायड्रॉलिक म्हणायचे.

घरी करून बघण्यासारखे आहे. औषधाच्या दुकानातून एक बारीक आणि एक जाड सिरिंज आणा, दोन्हींत पाणी भरून मधे नळी जोडा. बारीक सिरिंज एका बोटाने दाबा आणि जाड सिरिंजचा दट्ट्या दुसऱ्या माणसाला अडवायला सांगा. त्याचा अंगठा मागे सरेल. बारीक दट्ट्यावरचा दाब जाड दट्ट्याच्या मोठ्या तोंडावर सगळीकडे पोचतो, म्हणून एकूण रेटा वाढतो. पण नीट बघा, बारीक दट्ट्या पाच सेंटिमीटर आत गेला तेव्हा जाड दट्ट्या जेमतेम एखादा सेंटिमीटर सरकला. जोर मिळाला, पण अंतर गेले. हायड्रॉलिकची सारी देवघेव एवढीच आहे.

आता यंत्रावर येऊ. सिलिंडरच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात. चार इंची, म्हणजे 100 मिलिमीटर बोअरच्या दट्ट्याचे तोंड साधारण 78.5 चौरस सेंटिमीटर भरते. (स्वतःच्या सिलिंडरचे काढायचे असेल तर बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि आलेल्या आकड्याला 0.785 ने गुणा.) वर्कशॉपात ज्याला ‘दीडशे किलो प्रेशर’ म्हणतात, तो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 150 किलोचा दाब. 78.5 गुणिले 150 म्हणजे 11,775 किलो, पावणेबारा टन. यात कुणाची फसवणूक नाही. दीडशे किलो प्रेशर छोट्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचा, म्हणजे मागची अवजारे उचलणाऱ्या यंत्रणेचा, पंपही देतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो समोरच्या अडथळ्यामुळे. झाडांना पाणी घालताना पाइप मोकळा असला तर पाणी पायाशी पडते, अंगठा लावला की जोराने उडते, तसेच हे. यंत्राला दाबमापक घड्याळ बसवले असेल तर हे डोळ्यांनी दिसते. पाचर रिकामी पुढे सरकत असते तेव्हा काटा तळाशी लोळत असतो. पाचर ओंडक्याला टेकते, काटा उठतो. ऐंशी, नव्वद, शंभर. इंजिनाचा आवाज जड होतो, रबरी पाइप किंचित ताठ होऊन अंग झटकतो, सालीखालून ओलावा फेसासारखा बाहेर येतो. मग ‘कट्ट’. काटा एकदम खाली, इंजिन हलके. पहिल्यांदा बघणारा पाचरीकडे बघतो. मी काट्याकडे बघायला सांगतो, कारण लाकूड किती हट्टी आहे ते तोच सांगतो.

मग ते सावकाश का चालते

सिलिंडर म्हणजे एक टाकी, आणि ट्रॅक्टरचा पंप म्हणजे ती भरणारा नळ. अर्धा मीटर लांब धावणाऱ्या चार इंची सिलिंडरात सुमारे 3.9 लिटर तेल मावते. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला 16 लिटर तेल देतो असे धरा. चार लिटरची टाकी अशा नळाखाली भरायला पंधरा सेकंद लागतात. पाचरीला शेवटपर्यंत जायला तेवढीच पंधरा सेकंदे. इथे जोराचा प्रश्नच नाही, नळाच्या धारेचा आहे.

परतीला थोडा कमी वेळ लागतो. परत येताना तेल दट्ट्याच्या दांड्याकडच्या बाजूला भरते, आणि तिथली बरीचशी जागा दांड्यानेच व्यापलेली असते. 50 मिलिमीटरचा दांडा असेल तर त्या बाजूला तीन लिटरांच्या आतच तेल मावते. म्हणजे अकरा सेकंदे. जाऊन येऊन सव्वीस.

आणि एचपी? दीडशे किलो प्रेशरने मिनिटाला 16 लिटर ढकलायला तेलापुरती शक्ती लागते ती पाच-सव्वापाच एचपी. तुमचे वीस एचपीचे इंजिन तीन-चतुर्थांश मोकळेच बसलेले आहे. म्हणून ‘मोठा ट्रॅक्टर घ्या’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. विकत घेताना ‘किती टनाचे’ एवढे विचारून भागत नाही. आपल्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला किती लिटर देतो हे आधी माहीत हवे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत तो आकडा असतो. पुस्तिका हरवली असेल तर जोडलेला सिलिंडरच माप म्हणून वापरा. किती सेकंदांत तो पूर्ण बाहेर येतो ते घड्याळ लावून बघा आणि त्यात मावणारे तेल माहीत असले की हिशोब दोन ओळींचा आहे.

पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे रेस अर्धी केली की धारही अर्धी होते. डिझेल वाचवायला ट्रॅक्टर हळू ठेवून ‘पाचर सरकत नाही’ म्हणणारे मी पाहिले आहेत. पाऊण रेस ठेवा.

सावकाशपणावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सिलिंडर बारीक घेणे. 80 मिलिमीटर बोअर घेतला तर जोर साडेसात टनांवर येतो, पण टाकी अडीच लिटरचीच होते आणि पाचर नऊ-साडेनऊ सेकंदांत पोचते. घरच्या न्हाणीसाठी किंवा भट्टीसाठी काजूची, अकेशियाची वीतभर जाडीची लाकडे फोडायची असतील तर माझ्या मते हेच माप बरोबर. चार इंची सिलिंडर जुन्या आंब्या-फणसाच्या बुंध्यांसाठी. वीस टनांचे यंत्र छोट्या ट्रॅक्टरला जोडणे म्हणजे घरच्या नळावर मंदिराचे तळे भरायला घेणे.

दुसरा उपाय फुकटचा आहे. पाचर दरवेळी पूर्ण मागे आणायची गरज नसते. फाटी दीड फुटाची असतील तर ओंडका मावेल इतकीच मागे घ्या. दिवसभरात यात जो वेळ वाचतो तो मोठा असतो.

ट्रॉलीच्या पाइपावर का चालत नाही

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या परसातला जुना आंबा मुळासकट आडवा झाला. पावसाआधी तो फोडून आत घ्यायचा होता. एका वर्कशॉपातून सिलिंडर बसवलेला गर्डर आणला आणि ट्रॅक्टरच्या मागे टिपिंग ट्रॉलीसाठी जे तेलाचे तोंड असते त्याला पाइप जोडला. पाचर छान पुढे गेली. ओंडक्यात चार-पाच बोटे शिरली, लाकूड थोडे उघडले आणि पाचरीला धरून बसले. लिव्हर खाली केला, काही नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेजारचा मुलगा मेकॅनिकचे काम शिकला होता. तो येऊन उभा राहिला.

‘काका, हिला मागे आणणार कोण?’

‘म्हणजे?’

‘ट्रॉली तिच्या वजनाने खाली बसते. ही पाचर आडवी आहे. हिला वजन कुठे?’

सगळे त्यात आले. ट्रॉलीचा सिलिंडर एकाच बाजूने तेल घेतो. वर जाताना तेल ढकलते, खाली येताना हौद्याचे वजन तेलाला परत पाठवते. आडव्या पाचरीला परत ढकलायला कुणी नसते. म्हणून लाकूडफोडीला दुहेरी सिलिंडर लागतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी तेल पोचवावे लागते. दोन पाइप हवेत, आणि तेल एकदा या पाइपात, एकदा त्या पाइपात वळवणारा व्हॉल्व्ह हवा. कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाटाचे पाणी एका दांडातून दुसऱ्या दांडात वळवताना आपण मातीचा बांध फोडतो आणि घालतो. व्हॉल्व्हमधली सरकती सळई तेच काम करते.

हा व्हॉल्व्ह निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, लिव्हर मधे असताना तेलाला सरळ परत जायची वाट उघडी असली पाहिजे. छोट्या ट्रॅक्टरांचा पंप साधा गिअरचा असतो. इंजिन चालू आहे तोवर तो तेल ढकलतच राहतो, त्याला थांबणे माहीत नाही. मधली वाट बंद असलेला व्हॉल्व्ह लावला तर सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हवर जाऊन आदळते. जास्तीचा दाब सोडून देणारी ती झडप, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी. शिट्टी अखंड वाजत राहिली तर काय होईल? जी पाच एचपी लाकडावर खर्च व्हायची ती तेल तापवण्यात जाते. घरातले दोन गिझर तेलात बुडवून चालू ठेवावेत तेवढी ती उष्णता असते.

दुसरी, पुढे जाण्याचा लिव्हर हात काढताच आपोआप मधे आला पाहिजे. परतीचा अडकून राहिला तर चालते, पुढचा कधीच नाही. स्वस्तातले काही व्हॉल्व्ह दोन्हीकडे अडकतात. ते घेऊ नका.

तिसरी, परतीचा पाइप जाड हवा. वर सांगितले की दांड्याकडच्या बाजूला तेल कमी मावते. त्यामुळे दट्ट्या मागे येताना आत 16 लिटर जातात आणि समोरच्या बाजूने त्याच वेळात 21 लिटर बाहेर पडतात. ती वाट अरुंद असेल तर तेल तुंबते, तापते आणि पाचर रडतखडत मागे येते. परतीचे तेल सरळ ट्रॅक्टरच्या तेलाच्या पेटीत सोडा, मधे चिंचोळ्या जोडण्या नकोत.

ट्रॅक्टरची लिफ्टही चालू राहायला हवी असेल तर न वापरलेले तेल पुढे लिफ्टला देणारी तिसरी वाट असलेला व्हॉल्व्ह मिळतो. तो बसवणे घरी करायचे काम नाही.

आणि हे काम जाणणारी माणसे गोव्यात आहेत. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, पुन्हा 2018 मध्ये बंद पडल्या, पण खाणपट्ट्यात टिपर आणि पोकलेन दुरुस्त करून ज्यांचे हात तयार झाले ते कसब कुठे गेले नाही. दोन जाळ्यांचा हाय-प्रेशर पाइप मशीनवर दाबून कसा बनवायचा, सील कसे बदलायचे, हे त्यांना झोपेत विचारा. जुन्या यंत्रांचे सिलिंडरही तिथे मिळतात. फक्त टिपरचा एकात एक सरकणारा नळा उचलून आणू नका, तो एकाच बाजूचा असतो आणि वर सांगितलेल्या फेऱ्यात तुम्ही अडकाल. जेसीबीच्या हाताचा सिलिंडर दुहेरी असतो, तो चालतो.

‘पीटीओवर वेगळा पंप लावला तर?’

लावता येतो. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा, जो रोटावेटर फिरवतो. तो मिनिटाला 540 फेरे घेतो. गिअर पंपाला हे फेरे कमी पडतात, म्हणून मधे फेरे तिप्पट करणारी गिअरपेटी असते. तेलाची टाकी यंत्राचीच वेगळी. मिनिटाला 28 लिटरचा पंप लावला तर चार इंची पाचर साडेआठ सेकंदांत पोचते आणि गळती-घर्षण धरून अकरा एचपीच्या आसपास ओढते. वीस एचपीच्या ट्रॅक्टरला हे पेलते. चाळीस लिटरचा लावला तर पंधरा-सोळा एचपी लागतील. पीटीओवर वीसच्या वीस एचपी कधीच पोचत नाहीत, तेव्हा गाठ आली की इंजिन गुदमरणार.

भट्टी असेल, किंवा गावात चार जणांची लाकडे भाड्याने फोडून द्यायची असतील, तर हा खर्च करावा. वर्षाला दोन ट्रॉली लाकूड फोडणाऱ्याने करू नये. यंत्राची टाकी निदान पंप मिनिटात जेवढे तेल फिरवतो तेवढी तरी मोठी असावी, म्हणजे परत आलेल्या तेलाला निवायला आणि त्यातली हवा सुटायला वेळ मिळतो. एप्रिलच्या उन्हात हे जाणवते.

‘फिरणारा स्क्रू लावला की झाले, तो तर स्वस्त आहे’

पीटीओच्या दांड्यावर गाजरासारखा आटे पाडलेला लोखंडी शंकू बसवतात आणि त्यावर ओंडका टेकवतात. तो लाकडात शिरत जातो आणि लाकूड फुटते. तेल नको, पाइप नको, व्हॉल्व्ह नको. स्वस्त आहे हे खरे.

मी तो वापरू नका असेच सांगेन. पाचर तुम्ही लिव्हर सोडताच थांबते. शंकू तसा थांबत नाही. तो ओंडक्यात अडकला तर ओंडकाच त्याच्याबरोबर गरगर फिरू लागतो, आणि ओंडका धरून उभा असलेला माणूस हातभर अंतरावर असतो. हातमोजा, बाही, गळ्यातला पंचा, काहीही त्यात गुंडाळले जाऊ शकते. पैसे वाचवण्याच्या बऱ्याच जागा आहेत, ही त्यातली नाही.

‘ट्रॅक्टरचे तेल खराब होईल’

ही भीती खरी आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. पाइप आणि सिलिंडर मिळून नवे यंत्र चार-पाच लिटर तेल पिते. जोडल्यावर दोन-चार वेळा पाचर मागे-पुढे करून मग तेलाची पातळी बघितली नाही तर पंप हवा ओढू लागतो. तेलाला फेस येतो, पाचर झटके देत चालते, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. आमच्याकडे जमीन उताराची. ट्रॅक्टर कलता उभा असला तर तेल पुरेसे असूनही हेच होते. सपाट जागा बघून उभा करा.

भाताच्या चिखलणीला वापरलेल्या ट्रॅक्टरात पाणी शिरलेले असू शकते. तेल ताकासारखे पांढरट दिसत असेल तर ते आधी बदला, मगच यंत्र जोडा. आणि एकच यंत्र चार ट्रॅक्टरांना आळीपाळीने जोडणार असाल तर एकाचे तेल, एकाची घाण दुसऱ्यात जाते हे लक्षात ठेवा. जोडणीच्या तोंडांना टोपणे लावा, ती नुसत्या फडक्याने झाकू नका.

ज्या गोष्टीला कुणी घाबरत नाही

बारा टनांच्या पाचरीला सगळे घाबरतात. ती डोळ्यांना दिसते, सावकाश येते. खरा धोका पाइपात आहे.

रबरी पाइपाला सुईच्या टोकाएवढे भोक पडले की त्यातून तेल दीडशे किलो दाबाने बाहेर पडते. धार इतकी बारीक असते की दिसत नाही, नुसते धुके दिसते किंवा पाइप ओला दिसतो. माणूस सहज हात फिरवून बघतो, कुठून गळते. ती धार कातडी फोडून आत शिरते. टोचल्यासारखे होते, रक्ताचा थेंबही येत नाही. माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजते, काळेनिळे पडते, आणि तेल आत पसरत गेलेले असते. यात बोटे आणि हात कापावे लागतात. मलम आणि इंजेक्शनाचे हे काम नाही, शस्त्रक्रिया लागते आणि तीही तातडीने. असे झाले तर दुखत नसले तरी लगेच 108 बोलवा, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा, आणि ‘हाय-प्रेशरचे तेल हातात शिरले आहे’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. नुसते ‘टोचले’ म्हणू नका. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून पाइपाजवळ फिरवा, ओला होईल तिथे गळती. पाइप सोडण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून आतला दाब सोडा.

बोटे जातात ती बहुतेक दोन माणसांमुळे. एक ओंडका ठेवतो, दुसरा लिव्हर धरतो, आणि ‘झाले’ की ‘थांब’ यात गफलत होते. जो ओंडका ठेवील तोच लिव्हर धरील, दुसऱ्याने फोडलेली फाटी उचलावीत आणि दूर रचावीत. ओंडका कधी टोकांना धरू नका, बाजूंनी धरा. टोके सरळ कापलेली हवीत. तिरकस कापलेला ओंडका दाब आला की उसळी मारून बाहेर येतो.

पीटीओवर चालवत असाल तर फिरत्या दांड्यावर आवरण हवेच. 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी, पंचा, लुंगीचे टोक, एकदा धरले की सोडवायला सेकंदसुद्धा मिळत नाही. सुट्टीत मुले भाटात येतात, त्यांना या कामापासून लांबच ठेवा.

‘मग कुऱ्हाड काय वाईट?’

काहीच नाही. न्हाणीतला हंडा तापवायला आठवड्याला एक भारा लागत असेल, लाकूड सरळ धाग्याचे असेल आणि अंगात बळ असेल, तर कुऱ्हाडच बरी. चांगला फोडणारा माणूस सरळ ओंडक्याच्या दोन फाका यंत्राच्या आधी करतो. यंत्र जिंकते ते गाठीच्या लाकडात आणि दुपारनंतर, जेव्हा माणूस थकतो आणि कुऱ्हाड पायाकडे घसरू लागते. भट्टीवाले, पोदेर (पाव भाजणारे), लग्नाकार्याचा स्वयंपाक करणारे, ज्यांना ट्रॉलीने लाकूड लागते, त्यांच्यासाठी हे आहे.

लाकूड कुठून आणायचे हाही प्रश्न लोक विचारतात. झाड स्वतःच्या भाटातले असले तरी ते तोडायला गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. यंत्र आले म्हणून झाडांवर हात पडू नये असे मनापासून वाटते. छाटलेल्या फांद्या, वाऱ्याने पडलेले, वठलेले काजू, एवढ्यातही घरचे जळण निघते.

मे संपायच्या आत फोडलेली फाटी पडवीत किंवा मांगरात (भाटातल्या खोपटात) जमिनीपासून वीतभर वर, मधे वारा खेळेल अशी रचून झाली पाहिजेत. मग यंत्राकडे वळा. पाचर पूर्ण मागे घ्या, म्हणजे सिलिंडरचा चकचकीत दांडा आत जातो. चार महिने आपल्या पावसात आणि खाऱ्या हवेत तो उघडा राहिला तर त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढच्या फेब्रुवारीत पहिल्याच फेरीला ते खड्डे सील करवतीसारखे कापतात आणि तेल गळू लागते. दांड्याचा जो भाग बाहेर राहतो त्याला ग्रीस चोपडा, जोडणीच्या तोंडांना टोपणे लावा आणि यंत्र छपराखाली ढकला.